झोपलेल्या हातांचं घर

माझी नात दीड वर्षाची असताना मी केजला तिच्या खोलीत एक टीव्ही नेऊन बसवला. अंबाजोगाईहून एसटीच्या मागच्या सीटवर, मांडीवर धरून नेला. भिंतीला खिळे मी ठोकले, वायर मी ओढली, आणि सकाळी सहापासून रात्री लेकरू झोपेपर्यंत तो बंद करायचा नाही, असं मुलाला खुणेनं बजावून आलो. मुलाने मान डोलावली. टीव्हीचा आवाज किती मोठा आहे हे त्याला कळणारच नव्हतं, म्हणून आवाजाच्या बटणावर मीच चिकटपट्टी लावली.

माझ्या मुलाला ऐकू येत नाही. सुनेलाही येत नाही. नातीला मात्र येतं. ती जन्मली त्याच आठवड्यात माझ्या बायकोने तिच्या कानामागे वाटी-चमचा वाजवून पाहिला होता आणि पोरगी दचकल्यावर तिथंच बसून रडली होती. पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान उत्तम आहेत, फक्त घरात कुणीतरी तिच्याशी बोलत राहिलं पाहिजे. मी त्यातलं ‘बोलत राहिलं पाहिजे’ एवढंच ऐकलं. ‘तिच्याशी’ हा शब्द माझ्या कानांवरून गेला. म्हणून टीव्ही.

माझं स्वतःचं पोट बोलण्यावर चालतं. बसस्थानकाच्या नियंत्रण कक्षात मी माइकवरून गाड्यांची घोषणा करतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं लेकरू हरवलं, कुणाची पिशवी सापडली. लोक म्हणतात, आवाज चांगला आहे. रस्त्यात अनोळखी माणूस वळून बघतो आणि म्हणतो, “तुमीच ना वो ते स्टँडवरचे?” हा आवाज माझ्या मुलाने कधी ऐकला नाही. माझ्याशी बोलायला त्याच्याजवळ एक मूठभर खुणा होत्या : जेवलास का, ये, नको, पैसे, झोप. एवढ्यावर आम्ही बाप-लेकाने सत्तावीस वर्षं काढली. पुढे मोबाइल आला तशी तो मोडके मराठी संदेश पाठवायला लागला, आणि मला कळलं की त्याला बरंच काही म्हणायचं असतं.

तो गाड्यांच्या सीटा शिवतो. केजला एका मेकॅनिकच्या गॅरेजमागची खोली त्याने भाड्याने घेतली आहे. पुढे मोटारसायकलींची ठोकाठोकी, मागे याचं मशीन, रेक्झिनचे तुकडे, आणि एका कोपऱ्यात संसार. मेकॅनिकची बायको मागच्याच अंगणात राहते. गल्लीत सगळे तिला खाला म्हणतात, मीही म्हणतो.

सून पाटोद्याकडची. माहेरी मेंढरं आहेत. ती शाळेत कधी गेली नाही. मेंढरांमागे हिंडताना बापाशी, भावांशी बोलायच्या ज्या खुणा होत्या तेवढ्याच तिच्या खुणा. माझा मुलगा मूकबधिर मुलांच्या वसतिगृहात वाढला, त्याच्या खुणा तिथल्या पोरांनी एकमेकांत घडवलेल्या. लग्न ठरलं तेव्हा सगळे म्हणाले, बरा जोडा जमला. कुणालाच वाटलं नाही की हे दोघं एकमेकांना परके आहेत. पहिलं वर्षभर ती दोघं वस्तू आणून दाखवत बोलायची. तिला मीठ हवं असेल तर ती मिठाची रिकामी बरणी त्याच्या पुढ्यात ठेवायची. हळूहळू खुणा मिसळल्या. पण ते बोलणं तुटक होतं. एक खूण, थांबायचं, समोरच्याला कळलं का बघायचं, मग दुसरी.

असल्या घरात लेकरू जन्मलं. झोळीची दोरी साऱ्या आया ओढतात. माझ्या सुनेने ती दोरी रात्री स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला बांधून घेतली. पोरगी चळवळली की दोरी हलायची आणि आई उठायची. मी ते पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्या दोरीवरून पहिला निरोप आला होता आणि तो बरोबर पोचला होता.

टीव्ही सहा-सात महिने अखंड चालला. बातम्या, मालिका, साबणाच्या जाहिराती. पोरगी त्याच्याकडे बघायची, रंग हलले की हसायची, आणि मग पाठ फिरवून रेक्झिनच्या तुकड्यांशी खेळायची. दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द नाही. बायकोने वेखंड उगाळून मधातून तिच्या जिभेला लावलं. देवळाच्या घंटेत पाणी धरून ते पाजलं. शेजारपाजारचे विचारायचे, “आईबाप मुके, म्हणल्यावर लेकरू कुठनं बोलंल?” आणि बायको घरी येऊन ते माझ्यापुढे ओतायची.

“आवो, तुमी नुसते स्टँडवर बोंबलता. आपलं लेकरू मुकं व्हायलंय तिकडं.”

“टीव्ही लावलाय ना.”

“टीव्ही काय तिला ‘ये गं बाय, जेव गं बाय’ म्हणतोय का? आणा तिला इकडं. मी बोलते दिवसभर. पहिलीला जाईस्तोवर ऱ्हाऊ द्या माझ्याजवळ.”

मला ते पटलं. इथेच मला कबुली द्यायची आहे : मला ते फार सहज पटलं. एका दोन वर्षांच्या पोरीला आईपासून चार वर्षं तोडायचं ठरवायला मला एका जेवणापेक्षा जास्त वेळ लागला नाही. आपल्या मुलाच्या घरात भाषा नाही, आपल्या घरात आहे, एवढा सरळ हिशेब होता.

केजला जाऊन मी मुलाला मोबाइलवर लिहून दाखवलं. त्याने वाचलं. सुनेला खुणेनं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग उठून पोरीचे कपडे पिशवीत भरू लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. मुलाने उलट लिहिलं, “ती बोलली पाहिजे. मी नाही शिकवू शकत. न्या.” त्याची बोटं अक्षरांवरून हळूहळू फिरत होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो, कारण परतीची गाडी सुटायची वेळ झाली होती.

अंगणात खाला फळांच्या गाड्यावरची उरलेली केळी वेगळी काढत होती. तिचा भाऊ गाडा लावतो. पिशवी आणि पोरगी बघून तिने कमरेवर हात ठेवले.

“कायकू ले जारे जी बच्चीकू?”

“बोलायला शिकायला नको का?”

“यां हम मर गए क्या?” ती म्हणाली. “दिनभर तो मेरेच आंगन में रहती. आज न्हाई तो कल बोलेगी.”

“खाला, दोन वर्षं झाली.”

“तो? आप पैदा होतेच भाषण दिए थे क्या?”

मी हसलो आणि निघालो. पोरगी खिडकीशी बसली. आई गाडीखाली उभी होती. तिने दोन्ही मुठी कानांशी नेऊन गोल फिरवल्या, मग तळहात उघडून त्यावर फुंकर मारली. मला यातलं काही कळलं नाही. पोरीने काचेवर नाक दाबून तीच फुंकर मारली. नंतर कधीतरी मला कळलं की मुठी म्हणजे मेंढरं आणि फुंकर म्हणजे गेलं, संपलं. पाटोद्याकडे मेंढरं दूर चरायला गेली की सुनेच्या घरी असं सांगत. ती परत येतातच, हे त्या खुणेतच धरलेलं असे.

अंबाजोगाईला पहिले दोन दिवस पोरगी आनंदात होती. घर मोठं, आजी लाडाची. ती सारखे हात हलवायची. मला वाटायचं, लेकराचा चाळा आहे. बायको दिवसभर बोलायची, “ही बघ माऊ. ही बघ वाटी. वाटी म्हण.” पोरगी वाटीकडे बघायची, हाताने काहीतरी करायची. बायको तिचे हात खाली घ्यायची आणि म्हणायची, “हातानं न्हाई बाय, तोंडानं.”

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आलो. पोरगी माझ्यासमोर बसली आणि तिने मला काहीतरी सांगितलं. सांगितलं हा शब्द मी आज वापरतो. तेव्हा मला दिसलं ते एवढंच : दाराकडे बोट, मग चार बोटं चालल्यासारखी, मग भुवया वर आणि माझ्याकडे रोखून पाहणं. मी म्हणालो, “हो हो.” ती थांबली. मग तिने तेच पुन्हा केलं, पण सावकाश. एकेक खूण मोठी करून, मध्ये थांबून, माझ्या डोळ्यांत बघत. आपण परगावच्या माणसाशी जसं बोलतो ना, आवाज चढवून, शब्द तोडून, अगदी तसं. मी पुन्हा म्हणालो, “हो गं बाय, हो.” आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. राग नव्हता तो. आपण समोरच्याला मनातून सोडून देतो, तसं तिने मला सोडून दिलं. आपल्या ताटाकडे वळली.

त्यानंतर तिचे हात कमी होत गेले. आधी माझ्यासमोर, मग आजीसमोर. आठवडा उलटता उलटता ती मांडीवर हात ठेवून बसायला लागली. बायको खूश झाली. “बगा, शाणी झाली. चाळे सोडले.” मीही खूश झालो, हे लपवण्यात अर्थ नाही. आता तोंड उघडेल, असं आम्हाला वाटत होतं.

एका रविवारी दुपारी ती बाजेवर झोपली होती. मी शेजारी पेपर वाचत होतो. कागद हलल्यासारखं वाटलं म्हणून बघितलं तर तिचे हात हलत होते. डोळे मिटलेले, श्वास संथ, आणि पोटावर दोन्ही हात सुरू. नुसते हलत नव्हते. उजवा हात काहीतरी करायचा, थांबायचा. मग तळहात उघडायचा, तोंडाची फुंकर अर्धवट यायची. मग मुठी. मग एक बोट एका बाजूला टेकायचं, दुसऱ्या बाजूला टेकायचं. भुवया उंचावायच्या आणि पुन्हा सपाट व्हायच्या. एक खूण येऊन गेली की मगच दुसरी. चाळ्याला अशी शिस्त नसते.

माझी बायको झोपेत बडबडते. चाळीस घरं ऐकतील असं बडबडते, भाजीवालीशी भांडते. झोपेत माणूस आपल्या भाषेतच बडबडतो. मी पेपर खाली ठेवला. माझ्यासमोर एक दोन वर्षांची पोर झोपेत बोलत होती, आणि जागेपणी तिला बोलायला मी माणूस ठेवलं नव्हतं. मुकं लेकरू बोलतं करायला म्हणून मी तिला आणलं होतं. बोलणाऱ्या लेकराला मुकं करायला एक आठवडा पुरला होता.

मी बायकोला हे सांगितलं नाही. “आईला भेटवून आणतो,” एवढं म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी सुटी टाकून पोरीला घेऊन केजच्या गाडीत बसलो. तेव्हाही, खरं सांगायचं तर, संध्याकाळी तिला परत आणायचं असंच मनात होतं. माणूस डोळ्यांनी बघतो तरी लगेच बदलत नाही.

गॅरेजमागच्या दारात सून उभी होती. पोरगी माझ्या हातातून सुटली, आणि आईला मिठी मारायच्या आधी तिने बोलायला सुरुवात केली. आई खाली बसली, पोरगी तिच्यासमोर उभी राहिली आणि हातांचा नुसता पूर आला. इतक्या दिवसांचं साठलेलं. मुलगा मशीनवरून उठून आला. मी दारातच थांबलो.

आणि मी जे पाहिलं ते मला आजही पुरतं सांगता येत नाही. तिने खोलीतल्या खाटेच्या डाव्या पायाजवळ बोट केलं आणि डोक्यावरून पदर घेतल्याची खूण केली : आजी. मग उजव्या पायाजवळ बोट केलं आणि आपल्या एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरलं. हा दुसरा कोण ते मला कळलं नाही. त्यानंतर तिने ती माणसं पुन्हा सांगितलीच नाहीत. नुसतं डावीकडे बघून काही केलं की ते आजीने केलेलं. डावीकडून जिभेकडे बोट नेलं, तोंड कडू केलं : आजीने तिला कडू चाटवलं. मधला रस्ता नुसता हाताच्या जाण्यात होता. कुणी कुणाला काय केलं, हे ती हात कुठून निघतो आणि कुठे पोचतो यावरून सांगत होती. तिथं खाटेजवळ कुणीही नव्हतं, आणि तिची आई त्या रिकाम्या जागेकडे असं बघत होती जसं तिथं माझी बायको वेखंड उगाळत बसली आहे.

एकदा पोरीने उजव्या जागेकडे बघून तोंडाची भराभर उघडझाप केली आणि मान डोलावली. हो हो, हो हो. सून हसली. मुलगाही हसला. मला माझं जेवणाचं ताट आठवलं आणि कळलं की खाटेच्या उजव्या पायाजवळची ती रिकामी जागा म्हणजे मी. मी दारात सगळ्या अंगानिशी उभा होतो आणि ती तिघं मला तिथं पाहत होती.

शेवटी तिने दोन्ही जागांकडे आळीपाळीने बघितलं, आपले दोन्ही हात मांडीवर आडवे ठेवले, मान त्यांच्यावर कलती केली आणि डोळे मिटले. सुनेने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती, त्यामुळे मला मोबाइल पुढे करावाच लागला. मी लिहिलं, “काय म्हणाली?”

मुलाने पोरीच्या हातांकडे पाहिलं. मग लिहिलं, “तिथं सगळ्यांचे हात झोपलेले.”

मी विचारलं, हे डावीकडे-उजवीकडे माणसं ठेवणं तू तिला शिकवलंस का? त्याने मान हलवली. “मी नाही. तिची आई नाही. आम्ही एकेकच खूण करायचो. हे तिचं आहे. आम्ही तिच्याकडून घेतलं.”

मी ते वाक्य दोनदा वाचलं. एका घरात दोन मोडक्या भाषा होत्या, एक वसतिगृहातली, एक मेंढरांमागची. त्यांच्यात सांधा नव्हता. मध्ये हे लेकरू आलं आणि त्याने खाली पडलेले तुकडे उचलून त्यांना नियम लावले. कुणी सांगितलं नाही, पुस्तक नाही, मास्तर नाही, छडी नाही. जेवत, खेळत, झोपत तिने ते केलं आणि स्वतःला त्याचा पत्ताही नाही. आणि मग बापाने आणि आईने, दोन मोठ्या माणसांनी, तिच्या हाताखाली ते शिकून घेतलं. आता ती दोघं एकमेकांशी थांबत थांबत बोलत नाहीत. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. सून आणि मुलगा बोलत होते, भराभर, मध्येच एकमेकांना तोडत, जसे मी आणि माझी बायको बोलतो.

जाता जाता मी माझ्या मनगटाला हात लावून मुलाला विचारलं, ही खूण माझीच ना?

त्याने मशीनकडे पाहिलं. मग लिहिलं, “तुमची.” आणि जरा वेळाने, “लहानपणापासून.”

मला समजायला वेळ लागला नाही. तो लहान असताना मोठी माणसं सांगायची की अशा मुलांना घरी हातवारे करू देऊ नका, ओठांकडे बघू द्या, मग बोलतील. मी ते मनापासून पाळलं. जेवताना त्याची मनगटं मी पाटावर दाबून धरायचो आणि म्हणायचो, पाणी म्हण. म्हण, पाणी. तहानलेलं पोर माझ्या ओठांकडे बघत राहायचं. त्याच्या मनात माझं नाव तेव्हा पडलं. ते त्याने आपल्या बायकोला सांगितलं, तिने लेकीला, आणि लेक काहीही मनात न आणता अंगणात उड्या मारत तेच नाव घेत होती.

मी बायकोला फोन लावला. “मी एकलाच येतोय.”

“एकलेच? अन् लेकरू?”

“ते त्याच्या घरी हाय.”

“आवो, तिथं कोण बोलणार तिच्याशी?”

“सगळेच बोलतेत,” मी म्हणालो. “आपल्यालाच येत न्हाई.”

तिने फोन ठेवून दिला. तिला माझा राग आला होता, आणि आठवडाभर तो राहिला. निघण्याआधी मी खिळ्यांवरून टीव्ही उतरवला. खाला म्हणाली, “इसकू कां ले जारे? मेरेकू दे दो.” मी तो तिलाच देऊन टाकला.

तोंडाचं बोलणं आलं ते तिच्याच अंगणातून आलं. पावसाळा सरत आला होता. खालाच्या घरात चार पोरं, दिवसभर आरडाओरडा, आणि माझी नात त्या सगळ्यांत. पोरं तिच्याशी भांडत, तिचं केळं पळवत, तिला हाक मारत. टीव्हीला तिचं केळं कधी हवंच नव्हतं. एके दिवशी मी गेलो तर खालाने अंगणातूनच आवाज दिला, “आओ जी आओ, आपकी मुक्की मेरेकू गाली दी आज!”

“काय म्हणाली?”

“केला दिई तो बोलती, नक्को! सडा है!”

आमच्या नातीच्या तोंडचा पहिला शब्द खालाच्या भाषेतला होता. बायकोला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसली की डोळे पुसत बसली. पण त्यानंतर तिने हट्ट धरला आणि दर आठवड्याला केजला जायला लागली. जाऊन नातीसमोर बसते आणि खुणा शिकते. बायको चुकली की नात तिचे हात धरून बरोबर बसवते. परवा बायको मला म्हणाली, “मला मीठ येतंय, तेल येतंय, आन् ‘तुमचं बोलणं संपलं का’ बी येतंय.” ते तिने मला करून दाखवलं, पुन्हा पुन्हा.

वर्षभरात पोरीच्या तोंडी मराठी आणि खालाची भाषा अशा दोन्ही लागल्या. कुणाशी काय बोलायचं याचा घोळ तिने एकदाही घातला नाही. खालाच्या पोरांशी एक, माझ्याशी दुसरी, आणि आईबापाकडे तोंड वळलं की ओठ मिटून हात उठतात. हे वळणं इतकं सहज असतं की मी बघत राहतो. ‘आजोबा, गाडी येली,’ असं ती म्हणते. येली असं आमच्या घरात, गल्लीत, तालुक्यात कुणी म्हणत नाही. कुणाचंही ऐकून ती ते बोलत नाही. गाडी पडली, गाडी बसली, तर मग गाडी येली. हेही तिचं तिनेच बांधलेलं. मी तिला दुरुस्त केलं नाही. हळूहळू येली जाईल आणि आली येईल, आणि मला ती गेल्याचं वाईट वाटेल.

गेल्या महिन्यात मुलगा रेक्झिन घ्यायला अंबाजोगाईला आला, सून आणि नात बरोबर. मी ड्यूटीवर होतो. ती तिघं नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. पोरीला चौथं लागलं होतं. मुलगा माझ्या कामाच्या जागी याआधी अनेकदा आला होता. काचेआडून त्याला दिसायचं ते एवढंच : बाप एका दांड्यासमोर तोंड हलवतोय.

मी माइक ओढला. “केजमार्गे बीडकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे. प्रवाशांनी कृपया—”

बोलता बोलता माझं लक्ष काचेकडे गेलं. पोरगी बापाकडे तोंड करून उभी होती. तिने मनगट धरलं. मग हात तोंडाजवळून पुढे नेला. मग गाडी, मग बोट तीनाच्या फलाटाकडे, मग काही लोक भराभर चालल्यासारखी बोटं. पळा, असं काही मी म्हणालो नव्हतो. ती तिची भर होती. मुलगा तिच्या हातांकडे बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्या हातांकडे. त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने काहीतरी विचारलं.

पोरीने काच वाजवली. “आजोबा, बाबा इचारायलेत, तुमी रोज हेच बोलता का?”

“हो म्हणाव. रोज. दिवसभर.”

हात हलले. बापाने उलट काही सांगितलं.

“बाबा म्हणायलेत, लोक आयकतेत का?”

“काही आयकतेत,” मी म्हणालो. “काही न्हाई आयकत. मग इथं येऊन भांडतेत.”

तिने ते सांगितलं. भांडणारा माणूस तिने खिडकीच्या एका बाजूला ठेवला, मला दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना एकमेकांवर सोडलं. माझा मुलगा हसला. मान मागे टाकून, आवाजासकट हसला. मी त्याला माझ्या कामाबद्दल एवढं कधीच सांगितलं नव्हतं. त्याने एवढं कधी विचारलंही नव्हतं, किंवा विचारलं असेल आणि मी हो हो म्हणालो असेन.

परळीची गाडी आत वळत होती. मी माइक पुन्हा ओढला. या वेळी मी घाई केली नाही. एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबून बोललो, तिच्या हातांना वेळ मिळावा म्हणून. बाकावरचा एक म्हातारा वर बघून म्हणाला, “आज याला काय झालंय बे? झोपेत बोलतोय का?” मी ऐकून घेतलं आणि पुढचा शब्द बोललो.

काचेपलीकडे पोरीने बापाचं लक्ष आपल्याकडे वळवलं आणि मनगट धरलं. आजोबा म्हणतात, अशी तिने सुरुवात केली.